चौतिसाव्या वाशानंतर

"वजन किती?"

क्लेटनमधल्या त्या घराचं दार उघडल्याबरोबर काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, युनीत (विद्यापीठाला इथे युनीच म्हणतात) काय शिकतोस, खोली कधीपासून हवी, यातलं काही नाही. पुण्याहून येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑस्ट्रेलियात भाडेकरू ठेवताना बहुतेक हेच विचारत असतील असं मला वाटलं. मी "साठ" म्हणालो. काकांनी पॅसेजमधल्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. मी बूट काढून उभा राहिलो, काटा त्रेसष्टवर जाऊन थांबला.

"तीन किलो खोटं बोललास," ते म्हणाले. "ये आत."

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. काका मूळ वसईचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच आणि थोडे वाकलेले. पूर्व आफ्रिकेतल्या समुद्रकाठच्या एका शहरात त्यांनी बारा वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी केली होती. त्या शहराचं नाव मी लिहीत नाही, काकांनी लिहू दिलं नसतं. आता ते इथल्या कौन्सिलमध्ये नवीन घरांचे नकाशे तपासायचे. घरात काकू आणि युनीत जायच्या वयाला आलेली मुलगी. मागच्या बाजूची खोली भाडेकरूला.

वजनाचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. मागच्या दाराबाहेर लाकडी डेक, म्हणजे उघडा ओटा होता आणि त्याच्या खांबाला एक पाटी ठोकलेली होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, "एका वेळी सहा माणसे. उड्या मारू नयेत." खाली मराठीत, "नाचू नये." तो डेक काकांनी स्वतः बांधला होता आणि त्याच्यावर एखादी जीप चढवली तरी काही झालं नसतं. पण काकांना ते पटत नसे. कोणी सातवा माणूस बाहेर आला की ते काहीतरी निमित्त काढून एकाला आत पाठवायचे. "तू जरा मीठ आण," असं ते मला सांगायचे. मीठ टेबलावरच असायचं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे ठोकून बघणं. कुठल्याही घरात शिरताना ते चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला गायकांच्या माळ्याखाली कधीही बसायचे नाहीत, भिंतीजवळ खांबाला टेकून उभे राहायचे. फादरनी एकदा पाय दुखत असतील म्हणून खुर्ची आणून दिली, तर काकांनी आधी खुर्ची ठोकली. आम्ही मराठी पोरं त्यांना मागून टकटककाका म्हणायचो. हे नाव मीच पाडलं होतं, आणि त्या वेळी मला त्याचा बराच अभिमान होता.

इथल्या लोकांचं "शी'ल बी राइट" हे वाक्य त्यांच्या डोक्यात जायचं. शेजारचा माणूस कुंपणावरून म्हणायचा, "मेट, यू वरी टू मच. शी'ल बी राइट." काका हसून मान डोलवायचे आणि आत येऊन माझ्यावर उखडायचे.

"होईल व्यवस्थित म्हणे! ठोकून बघितलंय का कोणी? न बघता कसं म्हणतात रे हे?"

मी एकदा म्हणालो, "काका, इतकी वर्षं काही पडलं नाही ना?"

"पडेपर्यंत कुठलीच गोष्ट पडलेली नसते," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज अगदी बारीक व्हायचा.

शनिवारी ते माझ्याबरोबर युनीच्या लायब्ररीत यायचे. परदेशी वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसायचे, चष्मा पुसायचे आणि आफ्रिकेची पानं वरपासून खालपर्यंत वाचायचे. त्यांना तिकडच्या राजकारणात रस आहे असं मी धरून चाललो होतो. निघताना मी विचारायचो, "काय म्हणतोय तुमचा आफ्रिका?" ते म्हणायचे, "आज काही नाही." या "आज काही नाही"मध्ये सुटल्याचा भाग किती आणि धाकधूक किती, ते मला फार उशिरा कळलं.

बारशाचा प्रसंग मात्र कोणी विसरणार नाही. आमच्यापैकी एका डॉक्टरांकडे पहिल्या मुलीचं बारसं होतं. डोंगरउतारावरचं घर, मागे उंच खांबांवर उभा असलेला डेक, त्यावर पाळणा. बायका पाळणा म्हणायला लागल्या आणि फोटोसाठी सगळेच तिकडे सरकले. काका खाली गवतात उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, ते माणसं मोजत होते. एकवीस, बावीस, तेवीस. आणि एकदम ते किंचाळले, "उतरा! सगळे खाली उतरा! आधी पोरीला उचला!"

पाळणा थांबला, बाळ घाबरून रडायला लागलं, बाळाची आई त्याला घेऊन पायऱ्यांवरून धावत सुटली. डेकला अर्थातच काही झालं नाही. डॉक्टर चांगला माणूस. तो म्हणाला, "काका, नो वरीज हं, बसा तुम्ही, पाणी घ्या." पण त्याच्या बायकोने पुढे काका-काकूंना घरी बोलावलं नाही. परतताना गाडीत काकू पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मागच्या सीटवर मुलगी म्हणाली, "डॅड, दिस इज नॉट नॉर्मल. यू नीड टू सी समवन." काका गाडी चालवत राहिले. मी तिच्या शेजारी बसून मनातल्या मनात खोली बदलायचा विचार करत होतो, खोटं कशाला बोलू?

खोली मी बदलली नाही, आणि मग ते पत्र आलं.

मी तिवरांवर संशोधन करत होतो. खाडीच्या चिखलात उगवतात ती तिवरं. आफ्रिकेतल्या एका शहरात त्यावर दहा दिवसांची कार्यशाळा होती आणि माझ्या प्रोफेसरांनी माझं नाव दिलं होतं, त्याचंच ते आमंत्रण. मी स्वयंपाकघरात मोठ्या आनंदाने शहराचं नाव सांगितलं. काकांचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन परत बशीत आला. नंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मागच्या शेडमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"त्या शहरात सुलतानाचा राजवाडा आहे," ते म्हणाले. "इंग्रजांच्या अमलात बांधलेला. वर सुलतान राहायचा, खाली इंग्रज रेसिडेंट येऊन चहा प्यायचा आणि राज्य करायचा. आतल्या चौकावर पहिल्या मजल्याचा सज्जा आहे. चाळीस वाशांवर उभा आहे. तुझ्या तिवराचेच वासे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. स्वातंत्र्याचा दिवस जवळ आला होता. झेंड्याच्या समारंभाला पाहुणे त्या सज्जात उभे राहणार होते, तेव्हा सज्जा मजबूत आहे असा दाखला हवा होता. तो द्यायचं काम काकांचं. तिवराला वाळवी सहसा लागत नाही, पण वाशाचं टोक भिंतीत शिरतं तिथे पावसाचं पाणी मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून चौकात शिडी लावून, भिंतीलगत, एकेक वासा लाकडी हातोडीने ठोकायचा. टणटणीत वाजला तर चांगला, भद्द वाजला तर गेला. ठोकलेल्या वाशावर काका पांढऱ्या रंगाने आकडा घालायचे, आणि तो मराठीत घालायचे. कारण इंग्रजी आकडे कंत्राटदाराची माणसं न ठोकताच रंगवून मोकळी व्हायची, हा त्यांचा अनुभव होता. मराठी आकडे त्या खात्यात दुसऱ्या कोणालाच येत नव्हते.

"चौतीस झाले," काका म्हणाले. "आणि शिपाई धावत आला. हिला हॉस्पिटलात नेलंय, महिना आधीच, रक्त जातंय म्हणून. मी शिडीवरून उतरलो. खाली कारकून कागद घेऊन उभा होता. मी लिहिलं, चाळीस वासे तपासले. सही केली आणि पळालो."

मुलगी त्या दिवशी जन्मली. समारंभ पार पडला, काही झालं नाही. काका म्हणत राहिले, उद्या जाऊन उरलेले सहा ठोकतो. आणि मग त्या शहरात सगळी उलथापालथ झाली, राजवाडा बंद झाला, आणि या तिघांना दोन बॅगा घेऊन बोट गाठावी लागली.

"पत्र का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? खोटी सही केली म्हणून?" काकांनी आवाज खाली आणला. "आज इथली कितीतरी घरं माझ्या सहीवर उभी आहेत. ती सही खोटी होती म्हटल्यावर या सह्यांना कोण विचारील? आणि नोकरी गेली तर हिला काय सांगू?"

आता तिथे म्युझियम झालं होतं, लोक तिकीट काढून त्या सज्जात जात होते, हे त्यांनी लायब्ररीत वाचलं होतं. त्या दिवसापासून त्यांची झोप उडालेली होती.

उरलेले सहा वासे मी ठोकून यायचं ठरलं, आणि पुढचे तीन आठवडे रोज युनीतून आल्यावर माझी शिकवणी. काकांनी शेडमध्ये लाकडाचे सात-आठ तुकडे टांगले होते, काही चांगले, काही पोखरलेले. मी डोळे मिटून ठोकायचं आणि सांगायचं. "तू पानं मोजणारा माणूस, तुला लाकूड काय कळणार," असं म्हणत त्यांनी मला पाच वेळा नापास केलं. सहाव्या वेळी पास झालो तेव्हा त्यांनी आपली हातोडी पांढऱ्या पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. तिची मूठ त्यांच्या हाताने गुळगुळीत झाली होती.

निघायच्या दिवशी काकूंनी मला दारातच गाठलं.

"हे बघ, तिथे काय दिसेल ते दिसो," त्या म्हणाल्या. "इथे येऊन सगळं ठीक आहे म्हणून सांग. अठरा वर्षं मी हे बघतेय रे. आता त्यांना शांत झोपू दे. माझ्यासाठी एवढं कर."

मी हो म्हणालो.

राजवाडा पाहिला तेव्हा खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. पांढरं, चौकोनी, समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं मोठं घर. आत सुलतानाचा पलंग, डाग पडलेले आरसे, बंद पडलेलं घड्याळ, रेसिडेंटसाहेबाची वेताची खुर्ची. भिंतींवर तसबिरी काढल्याच्या फिकट चौकटी उरलेल्या होत्या. मी पैसे भरून आलेल्या पाहुण्यासारखा सगळं बघत होतो, आणि खांद्यावरच्या पिशवीतली हातोडी दर पावलाला माझ्या बरगडीला लागत होती.

चौकात आलो आणि मान वर केली. वासे काळपट, ओळीने. आणि भिंतीलगत प्रत्येकावर एक आकडा. १, २, ३. परक्या मुलखात, सुलतानाच्या घरात, वसईच्या माणसाच्या हातचे मराठी आकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोजत गेलो. चौतिसाव्यानंतरचे सहा वासे कोरे होते.

राखणदार म्हातारा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने मला इंग्रजीत समजावलं, "इंडियन प्रेयर, सर. व्हेरी स्ट्राँग प्रेयर. म्हणून तर हा सज्जा कधी पडत नाही. सगळ्या पाहुण्यांना मी दाखवतो."

"तपासायला कोणी येत नाही?"

"प्रेयर आहे ना," तो म्हणाला.

मी त्याला खरं काय ते सांगितलं, पिशवीतून हातोडी काढून दाखवली. त्याने हातोडी उलटसुलट करून बघितली, मग शिडी आणून लावली. पस्तीस टणटणीत. छत्तीस टणटणीत. सदतीस, अडतीस, दोन्ही चांगले. मनात म्हटलं, काका, झालं, दोनच उरले. एकोणचाळिसाव्यावर हातोडी मारली आणि आवाज आला भद्द. पुन्हा मारली. हातोडीचं तोंड नखभर आत गेलं आणि तपकिरी भुकटी माझ्या चेहऱ्यावर पडली. चाळिसावाही तसाच.

त्याच वेळी डोक्यावर पावलं वाजायला लागली. शाळेची सहल आली होती. सज्जाच्या त्याच टोकाला, जिथून समुद्र दिसतो तिथे, मुलं कठड्याला चिकटून गोळा होत होती आणि वासा माझ्या डोळ्यांसमोर करकरत होता. मी शिडीवरून कसा उतरलो आणि जिना कसा चढलो ते आठवत नाही. मी ओरडलो, "बॅक! ऑल ऑफ यू, बॅक! वन बाय वन!" बाई माझ्यावर चिडल्या, दोन मुली रडायला लागल्या. मी मोजत होतो. एकवीस, बावीस, तेवीस. सगळी मुलं भिंतीकडच्या खोलीत गेल्यावर राखणदाराने सज्जाच्या तोंडाशी रेसिडेंटसाहेबाची खुर्ची आडवी टाकली. मी जिन्यावर बसून राहिलो. टकटककाका हे नाव मी पाडलं होतं याची त्या जिन्यावर मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

ऑफिसात मी तक्रार लिहून दिली. "वी विल सी," असं म्हणून साहेबाने ती ट्रेमध्ये ठेवली. मला ते उत्तर ओळखीचं वाटलं.

क्लेटनला परत आलो तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. स्वयंपाकघरात काका हात टेबलावर ठेवून बसले होते. मुलगीही होती, तिला कशाचीच कल्पना नव्हती.

"सगळं ठीक आहे, काका," मी म्हणालो. "सहाही ठोकले. टणटणीत."

काकांनी मान हलवली. त्यांचा चेहरा एवढा सैल पडलेला मी कधी पाहिला नव्हता. काकूंनी पदराने डोळे टिपले. मला वाटलं, झालं, सुटलो.

"हातोडी दे," ते म्हणाले.

मी पिशवीतून पंच्याची गुंडाळी काढून दिली. काकांनी ती उलगडली. पंच्याच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग पडला होता. त्यांनी हातोडीच्या तोंडावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"चांगल्या लाकडाची भुकटी पडत नाही रे," ते हलकेच म्हणाले. "कितवा?"

मी काकूंकडे बघितलं नाही. "एकोणचाळीस आणि चाळीस."

"वर कोणी होतं?"

"शाळेची मुलं. उतरवली सगळी."

काकांनी बोटावरची भुकटी पंच्याला पुसली. मग मुलीला म्हणाले, "माझं लिहायचं पॅड आण." त्यांनी त्या म्युझियमला इंग्रजीत पत्र लिहिलं. खाडाखोड न करता, सावकाश. चौतीस वासे तपासले, सहा तपासले नाहीत, अमक्या तारखेच्या दाखल्यावरची माझी सही खोटी आहे, सज्जा ताबडतोब बंद करावा. खाली पूर्ण नाव, हल्लीचा हुद्दा आणि तारीख घातली.

काकू म्हणाल्या, "हुद्दा कशाला? नोकरी जाईल."

"जाऊ दे."

मुलगी खांद्यावरून वाचत होती. दाखल्याच्या तारखेपाशी ती थांबली. "डॅड, दॅट्स माय बर्थडे." मग तिचा आवाज बदलला. "यू लेफ्ट बिकॉज ऑफ मी?"

"तुझ्यामुळे नाही, बाळा," काका म्हणाले. "उतरलो मी. सहीपण मीच केली."

ती त्यांच्या खुर्चीमागे तशीच उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या घरात आल्यापासून मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

पत्राची एक प्रत काकांनी दुसऱ्या दिवशी कौन्सिलमधल्या साहेबापुढे ठेवली. तो वाचून म्हणाला, "मेट, दॅट वॉज अनदर कंट्री. नो वरीज." काका घरी येऊन दोन दिवस धुमसत होते. नोकरी वाचली याचा आनंद त्यांना झालाच नाही.

पाच महिन्यांनी त्या शहरातून उत्तर आलं. काकांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. सज्जा बंद केला होता. शेवटचे दोन वासे भिंतीत जवळजवळ उरलेच नव्हते. सहाही नवीन बसवले होते. आभार मानले होते. आणि खाली एक विनंती होती. राखणदाराचं म्हणणं असं की, पाहुणे नव्या कोऱ्या वाशांवर विश्वास ठेवत नाहीत, प्रार्थना अपुरी राहिली म्हणतात. तर आपण उरलेली सहा अक्षरं कागदावर लिहून पाठवावीत, आम्ही रंगवून घेऊ.

काकू हसत हसत खुर्चीत बसल्या. त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. "लिहा ना, सहाच तर आकडे!" त्या म्हणाल्या. "पाठवून द्या आणि मोकळे व्हा."

मी पॅड आणि पेन काकांपुढे सरकवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते परत ओढून घेतलं.

"न ठोकता?" ते म्हणाले.

काकूंचं हसू थांबलं. काका उठले, पॅसेजमध्ये गेले, चपला काढल्या आणि वजनकाट्यावर उभे राहिले. भाडेकरूंना त्यावर चढवणारा हा माणूस स्वतः त्यावर उभा राहिलेला आम्ही कोणीच कधी बघितला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाकून आकडा वाचला.

"त्या म्हाताऱ्याची शिडी," त्यांनी तिथूनच मला विचारलं, "किती जुनी आहे रे?"